चाचांचा पिवळा ठिपका

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो माणूस आत्ता पलीकडच्या खोलीत झोपलाय आणि लेकही नुकतीच झोपलीय, म्हणून लिहून टाकते.

तो माझा नवरा. पण इथं त्याला दयानंदच म्हणते, सांगायला सोपं जातं.

मागच्या वर्षीची खंडेनवमी. ठिकाण, लातूरजवळची धावपट्टी. तिथं विमान चालवायला शिकवणारी एक छोटी शाळा होती. तिचं नाव सांगत नाही. दयानंद तिथं मेकॅनिक होता. मी तेव्हा सातव्या महिन्यात, माहेरी हदगावला.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

असलं काही रात्रीच होतं, असं तोवर मीही समजत होते.

त्या शाळेत गुलाम रसूल नावाचे जुने मेकॅनिक होते. नांदेडचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. दयानंदला काम त्यांनीच शिकवलं. कुणी काहीही आवळलं की शेवटी चाचा यायचे. डोळे मिटून बोटांनी चाचपायचे. आणि मग छोट्या बाटलीतल्या रंगाचा पिवळा ठिपका त्यावर टेकवायचे.

ठिपका पडला म्हणजे काम पक्कं.

चाचांच्या ठिपक्यानंतर तिथं दुसरं कुणी हात लावत नसे. लावायची गरजच नसे. आणि कुणी लावला असता तर म्हाताऱ्या माणसाचा तो अपमानच झाला असता.

उन्हाळ्यात चाचा वारले. झोपेतच गेले.

खंडेनवमीला विमानांच्या शेडमध्ये पूजा मांडली. पाने, पकडी, पेचकस, सगळं धुऊन-पुसून पाटावर ठेवलं. वर हळदकुंकू, झेंडूची माळ. दरवर्षी ती माळ ओवायला चाचाच पुढं असायचे. त्या आठवणीनं दयानंदचा ऊर भरून आला. त्यानं चाचांची रंगाची बाटली कपाटातून काढली आणि पाटावर मांडली. तिलाही कुंकू लावलं.

चहापाण्याचं बघणाऱ्या धुरपताबाई दारात उभ्या होत्या.

“दयानंदा, ती बाटली उचल बाबा तिथून.”

“का ओ मावशी? चाचांची हाय.”

“म्हणूनच म्हणून राहिले. पूजेत हत्यार मांडायचं ते वर्षभर कामाला ये म्हणून. मेलेल्या माणसाला कोणी कामाला बोलावतं का?”

“आले तर बरंच की. माझा भार हलका होईल,” दयानंद हसत म्हणाला.

धुरपताबाई हसल्या नाहीत.

पूजा आटोपून सगळे घरी गेले. त्या दिवशी हत्यार उचलत नाहीत. दयानंदला मात्र थांबणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बुद्धप्रिया पहिल्यांदा एकटीनं विमान उडवणार होती. किनवटकडची पोरगी, पावसाळ्यात नवीनच आलेली. आणि तिच्याच विमानाखाली तेल ठिबकत होतं.

ती शेडमध्ये डोकावून गेली.

“दादा, होईल ना आज? आई-बाबा उद्याचे पांढरे कपडे आजच घालून, गाडीत बसून निघाले पण.”

“होतंय गं. तू जाऊन झोप काढ.”

“कुठली झोप? आई गल्लीतल्या चार बाया पण आणून राहिली. विमान न्हाई उडलं तर मलाच उडवतील.”

तिच्यामागे बराच वेळ दयानंद एकटाच हसत होता.

काम अवघड नव्हतं. इंजिनाच्या माथ्यावर चढलेलं तेल खाली परत यायला चार बारीक वाटा असतात. प्रत्येक वाटेत एक रबरी नळी, आणि नळीच्या दोन्ही टोकांना आवळायची क्लिप. तापून तापून जुनं रबर चिरलं होतं. त्याच्या जागी नव्या, जास्त ताप सोसणाऱ्या नळ्या घालायच्या होत्या. त्यासाठी लागणारी हत्यारं त्यानं पूजेत न मांडता बाजूला काढून ठेवली होती.

तीन नळ्या झाल्या. चौथी ट्रेमध्ये होती.

“दोन घास खाऊन घे,” धुरपताबाईंनी बाहेरून हाक मारली. तो हात धुऊन ओसरीवर गेला. पुरणाची पोळी खाल्ली. पाणी प्यायला.

परत आला तर…

शेड गप्प होती.

वरच्या पत्र्याखाली कबुतरं दिवसभर घुमत असतात. ती तिथंच बसली होती. पण एकही घुमत नव्हतं.

ट्रे रिकामा होता.

त्यानं विमानाखाली वाकून बघितलं. खोक्यामागं बघितलं. मग उगाच, जाता जाता, इंजिनाकडे नजर गेली.

चौथी नळी जागेवर बसलेली होती.

दोन्ही क्लिपा चढलेल्या.

आणि त्यांच्यावर… पिवळा ठिपका. ओला.

बाकीच्या तीन नळ्यांवरही ठिपके होते. पाटावरची बाटली बंदच होती. फक्त तिच्या टोपणावरचं कुंकू बोटांनी पुसल्यासारखं फिसकटलं होतं.

मग वास आला. चाचा तोंडात धरायचे त्या जर्द्याचा.

तुम्ही म्हणाल, माणूस तिथून पळत सुटला असता. मीही त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, भीती वाटलीच नाही. रडू आलं. बाप गेल्यावर मागं कुणीतरी आहे असं पहिल्यांदाच वाटलं.

“चाचा…” एवढंच तो म्हणाला.

सवयीनं त्यानं चौथ्या नळीच्या क्लिपेकडे हात नेला. चाचपून बघायला.

तेवढ्यात कुणीतरी मनगट धरलं.

थंड. पाचही बोटं कळत होती. हात किंचित ओढला गेला… आणि सुटला.

दयानंदनं हात मागे घेतला. त्याला वाटलं, चाचा म्हणताहेत, पुरे, मी बघितलंय. मोठ्या माणसाच्या कामावर शंका कशी घ्यायची? त्यानं इंजिनाला हात जोडले आणि झाकण लावून टाकलं.

संध्याकाळी सही करणारे साहेब आले. झाकण उघडून टॉर्च मारला.

“काय रे, ठिपके तर अगदी चाचांसारखे काढलेस. त्यांचा आत्मा उतरला का तुझ्यात?”

इंजिन थोडा वेळ चालवून बघितलं. तेलाचा थेंबही पडला नाही. साहेबांनी सही केली. हात त्यांनीही लावला नाही.

दसऱ्याच्या सकाळी बुद्धप्रिया उडाली.

कुंपणापाशी तिची आई, बाबा, गल्लीतल्या बाया. सगळे पांढऱ्या कपड्यात, माना वर करून. पहिली फेरी नीट झाली. बाया टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या फेरीत विमानाच्या नाकातून धूर निघाला.

मग आवाज बंद झाला.

दयानंद म्हणतो, त्याच्या कानात अजून तेच आहे. विमान पडल्याचा आवाज नाही. त्याच्या आधीची शांतता.

विमान सोयाबीनच्या शेतात उतरताना उलटलं. बुद्धप्रिया वाचली. कंबरेखाली तिला आता काही कळत नाही.

इंजिन उघडलं तेव्हा दयानंदच्या हातच्या तिन्ही नळ्या घट्ट होत्या. चौथीची खालची क्लिप नुसती ठेवल्यासारखी होती. तिचा पेच कुणी फिरवलेलाच नव्हता. नळी निसटून सगळं तेल बाहेर गेलं होतं.

क्लिपेवरचा ठिपका मात्र जसाच्या तसा होता.

दयानंदनं चौकशीत खरं तेच सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. नोकरी गेली. आम्ही नांदेडला आलो. त्यानंतर दिवाळी होऊन गेल्यावर तो दवाखान्यात बुद्धप्रियाचे पाय धरायला गेला. तिनं त्याला धरू दिले नाहीत.

“दादा, एक विचारू? त्या सकाळी विमानापाशी ते म्हातारे कोण होते?”

“कोण म्हातारे?”

“खाकी शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी. झाकणाच्या फटीतून हात आत घालून काहीतरी चाचपत होते. मला वाटलं, तुमच्यातलेच कोणी जुने असतील.”

चाचांचा रोजचा वेश तोच होता.

“काही बोलले का?”

“हाव. लई दमल्यासारखे बोलत होते. म्हणाले, बेटा, जरा हात लावून बघ. घट्ट हाय का सैल हाय… मला कळंना झालंय.”

“मग?”

“आई कुंपणापाशी हात हलवत होती, दादा. मी आत बघितलंच न्हाई. म्हातारं माणूस, बरं वाटावं म्हणून म्हणाले, घट्ट हाय चाचा.”

तेव्हापासून दयानंद एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करतोय. त्या दुपारी मनगट धरलं तेव्हा हात ओढला गेला तो कुठं? क्लिपेपासून मागे… की क्लिपेकडे? त्याला आठवत नाही. रात्री उठून मला विचारतो, जशी काही मी तिथं होते.

चाचा त्याला थांबवत नसतील. हात मागत असतील.

हे मी त्याला कधी बोलून दाखवलेलं नाही.

आता शेवटचं. हे त्याच्या भावालाही माहीत नाही. त्या दुपारी धरलं गेलं त्याच उजव्या मनगटाखाली गारवा राहतो. भर उन्हाळ्यातही राहिला. आधी करंगळी बधिर झाली, मग बाकीची बोटं. इथल्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. शिरा ठीक आहेत म्हणाले, मनाला लावून घेतलंय म्हणाले. असेलही.

काल संध्याकाळी मी भाकरी टाकत होते. लेक किरकिर करत होती म्हणून तिला त्याच्याकडे दिलं. तो तिला घेऊन खिडकीपाशी उभा राहिला. खाली रस्ता, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. ती गप्प झाली. मला बरं वाटलं.

मग त्यानं मला हाक मारली. अगदी हळू.

“जरा इकडं ये गं. हात लावून बघ… मी हिला घट्ट धरलंय का?”

मी पिठाच्या हातानं तशीच धावले.

त्याची बोटं तिच्या अंगावर नुसती ठेवलेली होती.