धाकट्या चेटकिणीचा आवाज

त्या दुपारी ताई स्टुडिओत गेली ती नेहमीसारखीच, तोंडात लवंग आणि हातात गरम पाण्याचा थर्मास. काम रोजचंच, सिनेमाला आवाज द्यायचा. सिनेमा विनोदी होता. तीन चेटकिणी, त्यांचं एक पडकं घर आणि दारात येऊन टपकणारा काळ्या कोटातला पाहुणा. चेटकिणींनी त्याच्याकडे वाट्टेल ते मागायचं, त्यानं मान तुकवून ‘दिलं’ म्हणायचं, आणि मग जो घोळ होईल त्यावर लोकांनी पोट धरून हसायचं.

मोठ्या दोन्ही चेटकिणी ताईच्या वाट्याला. धाकटी चेटकीण तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची. घोडं तिथंच अडलं होतं. तापातून उठली खरी, पण पोरीचा आवाज गेला तो गेलाच. कुजबुजसुद्धा निघेना. घरात ती नुसते ओठ हलवायची आणि ताई ते वाचायची. पडद्यावरचे ओठ वाचण्यात हयात गेलेली, तिला त्यात काय अवघड! पण हल्ली डॉक्टर नजर चुकवून बोलायचे, आणि पोरगी उशीत तोंड खुपसून रडायची तेही बिनआवाजाचं. ते मात्र ताईला बघवत नसे हो.

“धाकटी?” काचेपलीकडून रेकॉर्डिस्टनं विचारलं.

“येईल.”

“ताई, उद्या दुसरी मुलगी बोलावलीय...”

“बोलवा की! तू आपली बटणं सांभाळ.”

दिवे मालवले. पडदा उजळला. पाहुण्याचा आवाज अजून भरायचा होता, म्हणून त्याच्या वाक्यांच्या जागी हेडफोनमध्ये नुसती शांतता. तेवढी जागा सोडून आपलं बोलायचं, एवढंच. पण आज ती शांतता धड नव्हती. कुणीतरी अगदी कानाशी तोंड नेऊन थांबावं, तशी. खोलीत विझलेल्या काडीचा वास येत होता आणि इथं काडी ओढायला तर सक्त मनाई.

थोरल्या चेटकिणीचं वाक्य आलं: ‘माझ्या मांजराला अक्कल दे!’ ताईचं ध्यान होतं घरी. तिच्या तोंडून निघालं, “माझ्या बहिणीला आवाज दे!”

“वाक्य चुकलं, ताई,” रेकॉर्डिस्ट हसला. “पण ओठांवर काय चपखल बसलंय!”

ताई हसली नाही. पडद्यावर पाहुण्यानं मान तुकवली आणि हेडफोनमध्ये कुणीतरी हळूच म्हणालं, “दिलं.”

“तू... पाहुण्याचा आवाज भरलास?”

“छे! तो नट अजून फिरकलाय कुठं?”

तेवढ्यात घरून फोन आला. “ताई! ऐकतेयस ना? मी बोलतेय, मी!”

ताई थर्मास तिथंच टाकून रडत, हसत, धडपडत घरी पोचली. धाकटी दारातच उभी होती. ताईनं तिला घट्ट कवटाळलं.

“बघ, आला की नाही!” तोच आवाज, तोच लाडिक हेल. ताईचा जीव भांड्यात पडला.

मग तिनं बहिणीचा चेहरा हातात धरून नीट पाहिला. ओठ आधी हलत होते, आवाज मागून येत होता. किंचितच. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण पडद्यावर असं दिसलं असतं तर ताईनं पुन्हा टेक घ्यायला लावला असता.

“पुन्हा... पुन्हा बोल बरं.”

“काय बोलू? मी खूप खूश आहे गं. चहा टाकतेस?” आवाज म्हणाला.

ओठ मात्र चहाचं बोलत नव्हते. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ताईनं ओठ वाचले. तिला खरं वाटेना, म्हणून पुन्हा वाचले.

‘ताई, हे मी बोलत नाहीये.’

“थांब, बाळा... थांब!” ताईनं घाबरून तिच्या तोंडावर हात दाबला. तळव्याखाली ओठ थरथरले आणि मिटले. घरात विझलेल्या काडीचा वास पसरला.

“स्टुडिओत फोन कर ना, ताई,” आवाज गोडीनं म्हणाला. “म्हणावं, उद्या आम्ही येतोय.”