मीटरभराचा गज

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, तैस्तोला काही फरक पडत नाही. त्याला आता कशानेच पडत नाही.

तैस्तो माझ्या बायकोचा मामा. फिनलंडमध्ये, कुहमोच्या पुढे जंगलात त्याची शेड आहे. शिकारीच्या आणि नेमबाजीच्या रायफली साफ करायचं सामान तो ऑर्डरप्रमाणे बनवतो. सफाईचे गज, त्यांची पितळी टोकं, आणि गज नळीला न घासता सरळ जावा म्हणून मागून बसवायची पुंगळी. प्रत्येक रायफलीचं माप वेगळं.

डिसेंबरचा शनिवार होता. दुपारचे चार.

म्हणजे इथल्या हिवाळ्यात बाहेर मिट्ट काळोख. आमच्याकडे भुतांना मध्यरात्रीपर्यंत ताटकळावं लागत नाही.

टेबलावरच्या पकडीत ओस्मोची रायफल होती. ओस्मो तैस्तोचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी मूस हरणाच्या शिकारीला शेडमागच्या दलदलीकडे गेला, तो आलाच नाही. यंदा त्याची रायफल तेवढी सापडली. पाइनच्या झाडाला नीट टेकवून ठेवलेली. ती घेऊन त्याची बायको हिलक्का आली होती.

"चकाचक करून ठेव," ती म्हणाली. "आल्यावर बोंबलेल, गंज चढवलात म्हणून."

दलदलीतून वर्षाने कोणी परत येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पटलं होतं एकालाच.

पूर्वी हे काम दोघं भाऊ मिळून करायचे. तैस्तो टोकाला चिंधी लावून मागून गज नळीत ढकलायचा. ओस्मो पुढच्या तोंडाशी बसून चिंधी झेलायचा आणि दिव्यासमोर ताणून बघायचा, किती काळी झालीय ते. नियम एकच. चिंधी पुढेच पडू द्यायची. मागे ओढायची नाही. मागे ओढली की सगळी घाण मागे येते.

तैस्तोने पहिली चिंधी ढकलली. टोक बाहेर आलं. चिंधी सुटली.

आणि... खाली पडलीच नाही.

"हिलक्का, चिंधी तू घेतलीस?"

"मी कॉफी ओततेय. तुझ्या चिंध्यांची काय गोधडी शिवू?"

दुसरी ढकलली. तीही नाही.

तिसरीला समोरून बारीकसा आवाज आला... कापड ताणल्यासारखा.

तैस्तोच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काय रे गाढवा, किती काळी?"

उत्तर आलं नाही. पण चौथ्या चिंधीला गज हातातल्या हातात थरथरला.

पलीकडून कोणीतरी टोक धरलं होतं.

हिलक्काने कप खाली ठेवला. "तोच आहे. ओढ त्याला."

"चिंधी मागे ओढायची नसते."

"खड्ड्यात गेला तुझा नियम! नवरा आहे माझा, घाण नाही. ओढ!"

ती धावत पुढच्या तोंडाशी गेली. तैस्तोने ओढलं.

गज मीटरभराचा. त्याने स्वतः बनवलेला. मीटरभर बाहेर आला...

आणि संपलाच नाही.

तैस्तो मागे सरकत गेला, गज येत गेला. ओला. शेवाळ लागलेला. भिंत आली, म्हणून त्याने पाठीने दार ढकललं. गज येतच होता. मापात चूक झाली की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"येतोय रे! थांबू नकोस!" आतून हिलक्का ओरडली. ती हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा.

अंगण संपलं. सॉनाची खोली मागे पडली. पाइनची झाडं लागली.

मग बुटात पाणी शिरलं.

तैस्तोने खाली पाहिलं. बर्फाखाली काळं पाणी. दलदल.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो ओढत नव्हताच. त्याला ढकललं जात होतं. हळू, सरळ, एका दमात...

चिंधी ढकलतात तसं.

त्याने हात सोडले.

गज सर्रकन अंधारात परत गेला.

धापा टाकत तो शेडमध्ये आला. गज पकडीतल्या नळीत होता. मीटरभराचाच. हिलक्का नळीच्या तोंडावर बोट ठेवून बसली होती.

"त्याने बोट धरलं होतं माझं," ती म्हणाली. "आतून."

करंगळी जात नाही त्या नळीत बोट कसं धरणार, हे मी तिला नंतर विचारलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कॉफी मागितली.

"का सोडलंस?" तिने तैस्तोला विचारलं.

"अगं, मी दलदलीत गेलो असतो!"

"मग?"

ती खरंच विचारत होती.

तेव्हापासून ती दर शनिवारी येते. तैस्तो गज ढकलतो, चिंधी खाली पडते. पांढरी स्वच्छ. ती उचलून त्याच्या हातात देते. "पुन्हा."

गेल्या शनिवारी मी गेलो, तर जागा बदलल्या होत्या. पुढच्या तोंडाशी तैस्तो बसला होता. मागे गज धरून हिलक्का उभी. तिच्या पाठीमागचं दार सताड उघडं. बर्फ आत येत होता.

"अरे, दार तरी लावा," मी म्हटलं.

"राहू दे," तैस्तो म्हणाला. "ती गज सोडणार नाहीये."

मी दार लावलं आणि गाडीकडे निघालो.

मागे ते पुन्हा कोणी पाठीने ढकलून उघडल्याचा आवाज आला...

मी वळून पाहिलं नाही.