खोली मोकळी करताना

स्पीकर घ्यायचे म्हणजे दुकानात जायचं, काहीतरी लावायला सांगायचं, मान डोलवायची आणि खोकी उचलून घरी यायचं, असं त्याच्या बायकोला वाटत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिचा हा भोळेपणा काही गेला नव्हता. आणखी एका रविवारी तो हात हलवत परत आला तेव्हा मात्र ती वैतागली. "मला पसंत करताना एवढे आढेवेढे घेतले नव्हतेस," ती म्हणाली.

"तुला घरी नेऊन ऐकायची सोय नव्हती ना," तो म्हणाला, आणि वर हसलाही. त्या संध्याकाळी त्याला भाजी कालचीच मिळाली.

त्याचा धंदाच आवाजाचा. नाट्यगृहं, सभागृहं, मोठमोठ्या शाळांचे हॉल, कुठे आवाज घुमतो, कुठे मरतो, हे शोधून तो भिंतींना औषधपाणी करायचा. ऑफिसात सगळे त्याला कानसाहेब म्हणत. अशा माणसाला स्पीकर विकणं म्हणजे दुकानदाराच्या डोक्याला ताप. दुकानदार उंच, चकचकीत जोडी दाखवून म्हणायचा, "साहेब, हे लावले की गाणारा मांडीवर येऊन बसतो बघा." कानसाहेब डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "तुमच्या मांडीवर बसतो. माझ्या घरी कुठे बसेल ते सांगा." दुकानात अर्धाच स्पीकर मिळतो, उरलेला अर्धा म्हणजे आपली खोली, हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या हाताखालच्या लोकांना ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

पण या वेळी त्याला स्पीकर शौकासाठी नको होते. आईसाठी हवे होते.

आई वर्षभर हळूहळू विसरत चालली होती. आधी शेजारीपाजारी गेले, मग नातवंडं गेली, मग सुनेचं नाव गेलं. मुलगा मात्र अजून शिल्लक होता. तो दारात आला की ती न बघताच म्हणायची, "आलास का रे?" तेवढ्यासाठी तो ऑफिसातून धावत यायचा. पण गेल्या काही दिवसांत तिनं नवीनच धरलं होतं. ताट पुढे ठेवलं की म्हणायची, "हे आले की जेवीन." हे म्हणजे त्याचे वडील. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आई खिडकीकडे बघत बसायची, अन्न निवून जायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की असंच चाललं तर अवघड आहे. तिचं मनगट आता त्याच्या दोन बोटांत मावायचं.

मग त्याला टेप आठवली.

वडील शाळेत कारकून. पण जीव सगळा रेडिओ, तारा आणि डिंकानं चिकटवलेल्या प्लायवूडच्या खोक्यांत. नवं लग्न झालेलं, घर म्हणजे आई आता राहते ती ही एकच खोली आणि पलीकडे ओटा. तेव्हा कुणाकडून तरी दोन माइक आणि मोठ्या रिळांचा टेपरेकॉर्डर उसना आणून त्यांनी चाचणी घेतली होती. बस्स, तेवढीच. खोलीभर फिरत ते बोलतायत: "हॅलो, हॅलो. आता मी खिडकीपाशी आहे. ऐकू येतंय का गं?" आणि ओट्याकडून आई, पोरगेल्या आवाजात: "येतंय, येतंय! दूध उतू जाईल माझं." मग पावलं. "आता कपाटापाशी. आता?" "आताही येतंय!" लहानपणी आजारी पडला की तो हीच टेप लावून मागायचा. तो जन्मायच्या आधीचं घर त्यात होतं, आणि दोघं सारखी हसत होती.

पुढे वडिलांनी स्वतःचं मशीन घेतलं, ते माळ्यावर होतं. त्यानं ते साफ केलं, पट्टा बदलला, आधी मोबाइलवर उतरवून आईला ऐकवलं. आईनं लक्ष देऊन ऐकलं आणि मान हलवली. "हे ते नव्हेत," ती म्हणाली. "हा कुणीतरी डबीत बोलतोय."

म्हणून स्पीकर.

शेवटी त्यानं लहानशीच जोडी घेतली, दोन हातांत मावणारी. मोठ्या स्पीकरांनी आईची खोली नुसती गुरगुरली असती. त्यानं ती कोपऱ्यांपासून दूर, आईच्या कानांच्या उंचीला बसवली, आणि धंद्याच्या सवयीनं खोलीचा आवाज मारून टाकला. जाड पडदे, गालिचा, मागच्या भिंतीला रजया. बायको म्हणाली, "आई राहणार आहेत की गादीवाल्याचं दुकान टाकतोयस?" पण आवाज असा स्वच्छ आला, की वडिलांच्या श्वासासकट ऐकू यावा.

आईनं ऐकलं. "बातम्या देणारा आहे का?" तिनं विचारलं. "आमच्याकडे घुमायचं रे. खोलीत होतंच काय! खाट, कपाट आणि आम्ही."

आता कुठल्याही शिकाऊ पोरालासुद्धा कळतं, की टेपमध्ये त्या खोलीचा घुमारा आधीच आलेला असतो. त्याच खोलीत तो पुन्हा घुमवला तर खोलीवर खोली चढते आणि सगळा काला होतो. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर कानसाहेबानं त्याची चामडी लोळवली असती. पण आई जेवत नव्हती. त्यानं रजया काढल्या, पडदे काढले, गालिचा गुंडाळला. सोफा बाहेर गेला, काचेचं कपाट बाहेर गेलं. आईची खाटही, तेव्हा होती म्हणून तिनं दाखवली तिथे, भिंतीला लावली.

दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. त्यानं टेप लावली.

काला झाला नाही. आवाज खिडकीपाशी सुरू झाला, चालत चालत कपाटाच्या जागी गेला. आईची मान त्याच्याबरोबर वळली. सुनेनं पटकन चमचा पुढे केला आणि आईनं तोंड उघडलं. एक घास, मग आणखी. सून पदरानं डोळे पुसत होती आणि भरवत होती. त्याला इतका आनंद झाला, की तो उठून उगाच स्पीकरची धूळ पुसत बसला.

मग ते रोजचंच झालं. दुपारी टेप, टेपबरोबर जेवण. आईच्या गालांवर थोडा रंग आला.

एकदा वडिलांचा आवाज त्याच्या पाठीमागून आला, दाराकडून. समोर दोनच स्पीकर असताना आवाज मागून यावा, याचं कारण त्याला माहीत होतं. मागची भिंत उघडी पडलीय, ती आवाज परतवतेय. त्यानं बायकोला नीट समजावूनही सांगितलं. फक्त आईनं मान वळवली होती ती आवाजाच्या आधी.

काही दिवसांनी टेपमधली आईची उत्तरं पुसट झाली, मग गेलीच. जुन्या टेपचा लेप झडतो, होतं असं. "ऐकू येतंय का गं?" नंतर नुसता घुमारा उरला. त्या मोकळ्या जागेत खाटेवरची आई म्हणाली, "येतंय हो." आणि पाऊल पुढे पडलं.

तो स्वतःशी म्हणाला, योगायोग. त्याला झोप मात्र नीट लागली नाही.

पुढच्या रविवारी वडील म्हणाले, "थोडं अडतंय बघ. भिंतीशी काहीतरी आहे."

हे वाक्य टेपमध्ये नव्हतं. ती टेप त्याला तोंडपाठ होती. त्यानं रीळ मागे फिरवून पुन्हा ऐकलं. वाक्य होतं. घुमाराही तसाच, आवाजही तोच, थोडासा वैतागलेला, गाठ सुटत नसली की वडिलांचा व्हायचा तसा.

भिंतीशी एकच वस्तू उरली होती. त्याचं लहानपणीचं टेबल. वडिलांनी त्याच्यासाठी स्वतः रंधा मारून केलेलं. इथेच बसून तो पाढे म्हणायचा आणि वडील मागे उभे राहून चुका काढायचे. ते टेबल दाराबाहेर नेताना तो उंबऱ्यावर थांबला. हे आपण का करतोय, असं त्यानं स्वतःला विचारलं. आत आई म्हणत होती, "भूक लागलीय गं. ताट कर ना." सुनेनं सांगायच्या आधी, आपण होऊन.

त्यानं टेबल व्हरांड्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी घेतली. बायको बँकेत गेली होती. दुपारी आई खाटेवर टेकून बसली होती, तिनं स्वतःच वेणी घातली होती. तो दाराशी बसला होता. रीळ फिरत होतं.

"आता मी खिडकीपाशी."

"हो."

"आता इकडे."

"हो, येतंय."

पावलं थांबली. त्याच्या अगदी जवळ, वाकलेल्या माणसाच्या उंचीवर आवाज आला. "अजून एक काहीतरी राहिलंय गं खोलीत. आवाज पितंय."

त्यानं खोलीभर पाहिलं. खाट. मशीन, ज्यावर टेप चालली होती. स्पीकर, आई, उघड्या भिंती. काढण्यासारखं काहीच नव्हतं.

मग त्याला कळलं.

रिकाम्या हॉलमध्ये आवाज जुळवला, की प्रेक्षक आल्यावर तो बदलतो. माणूस आवाज पितो. हे तो दरवर्षी नव्या पोरांना शिकवायचा.

आई त्याच्याकडे बघत होती. अगदी सौजन्यानं, बघायला आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबता का? ह्यांचं काम चाललंय."

"आई, मी आहे," तो म्हणाला.

ती ओशाळून हसली. कुणाच्या तरी वतीनं माफी मागावी तशी.

तो उठला. उठण्यावाचून काय करणार होता? ती जेवत होती, बोलत होती, वेणी घालत होती. त्यानं दार हळूच लोटून घेतलं आणि बाहेर, आपल्याच टेबलाला टेकून उभा राहिला.

आतून आवाज आला, "आत्ता कसं!"

आणि आई हसली. असं हसताना त्यानं तिला टेपखेरीज कधी ऐकलं नव्हतं.

दोघं बोलू लागली. शब्द नीट कळत नव्हते. पडद्यांचं काहीतरी, कुणाच्या तरी लग्नाला जायचं काहीतरी. मध्येच कपाट उघडल्यासारखं वाजलं. खाली, त्या बोलण्याच्या तळाशी, फट् फट् फट् असा एकसारखा आवाज येत होता. तो त्याच्या चांगला ओळखीचा होता. टेप संपली होती, आणि तिचं मोकळं टोक फिरत्या रिळाबरोबर मशीनवर आपटत होतं.

तो रडला. भीतीनं की कशानं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वडिलांना एकदा हाक मारावी असं फार वाटलं. पण ज्या दिवशीचं ते घर होतं, त्या दिवशी तो जन्मलाच नव्हता; त्या हाकेला ओ द्यायची असते, हे आत कुणाला माहीतच नव्हतं.

बायको आली ती पिशव्या सावरत. "इथे काय उभा आहेस? पाहुणे आलेत का?" तिनं त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. तिचं लग्न झालं तेव्हा सासरे नव्हतेच, तो आवाज तिनं फक्त टेपवर ऐकलेला. दार किलकिलं करून तिनं विचारलं, "आई, चहा टाकू का?"

आतून कुणीतरी काहीतरी म्हटलं. ती मान डोलावून परत आली.

"दोन कप सांगितलेत," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा गोंधळला होता. "आणि आई विचारत होत्या, दारात बसले होते ते गृहस्थ गेले का. काय सांगू?"

त्यानं दाराकडे पाहिलं. आत आई पुन्हा हसायला लागली होती.

"गेले म्हणून सांग," तो म्हणाला.