दोन ठिपक्यांचं चाक

मधलं दार तिनं लाथेनंच उघडलं!

तीन वर्षांत त्या दाराचा उंबरा तेजस्विनीनं ओलांडला नव्हता. अलीकडे स्वयंपाकघर आणि मागचं अंगण, पलीकडे आळेफाट्याच्या हमरस्त्यावर उघडणारं आबांचं लेथचं दुकान. त्या दारातून दुपारचा डबा जायचा, तोही आईच्या हातानं. पण आज कणीक मळता मळता तिच्या कानावर आधी आर्गन वेल्डिंगची चरचर आली, मग लेथ फिरायला लागला, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कणकेचे हात तसेच घेऊन ती उठली...

"बंद कर! प्रबुद्ध, मशीन बंद कर म्हनते ना!"

प्रबुद्ध दचकला. तिचा धाकटा भाऊ, चोवीस वर्षांचा, केसांना जेल लावलेला. लेथवर एका मोठ्या गाडीचं चमकतं चाक चढवलेलं होतं.

"आक्का, तू हितं कशाला आलीस? आबा मंचरवरनं येतील आत्ता..."

"येऊ दे! ह्या चाकाला आतून दोन ठिपके व्हते. सकाळी मागल्या अंगनात म्याच धुतलंय ते. कुठं गेले ठिपके?"

त्यानं मान फिरवली. तिनं पुढं होऊन भिंतीवरचं बटण खाडकन खाली पाडलं, आणि चाक गरगरत, कण्हत थांबलं.

ठिपक्यांची गोष्ट अशी होती. आबा, म्हणजे सोपान, वीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते. कंपनीला टाळं लागलं तसे लिलावातला एक जुना, अजस्र लेथ घेऊन ते आळेफाट्याला आले. पुढं रस्त्यावर नव्या नव्या गाड्या आल्या, त्यांची डायमंड कट चाकं आली. आरशासारखी लखलखीत, पण नारायणगावच्या दुभाजकाला एकदा कड घासली, की त्या लखलखाटाची पार रया जायची. शोरूमवाले म्हणायचे, नवीन घ्या. आबा म्हणायचे, आणा इकडं. जुनं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक मुलामा, उतरवायचं, खरवडलेली कड आर्गननं भरायची, मग लेथवर चढवून हिऱ्याच्या टोकाच्या हत्यारानं केसाएवढी साल काढायची, आणि वर पुन्हा लॅकर. मोठ्या कारखान्यात हे कॉम्प्युटर करतो. आबा दोन हातांनी दोन हँडल एकदम फिरवून चाकाचा बाक पकडायचे.

पण साल काढली की धातू कमी होतोच. म्हणून आबांचा नेम होता: एकदा कापलं, की चाकाच्या आतल्या बाजूला टोकदार पोलादी पंच ठोकून एक बारीक, खोल ठिपका. दुसऱ्यांदा कापलं, दुसरा ठिपका. दोन ठिपके असलेलं चाक आलं, की मालक कितीही मोठा असो, आबा हात जोडायचे. "तिसऱ्यांदा न्हाई, राव. त्याच्यावर मानसं बसत्यात."

ही विद्या आबांनी शिकवली ती तेजस्विनीला. प्रबुद्ध लेथपाशी घटकाभर टिकायचा नाही, आणि हिचा हात चौदाव्या वर्षीच असा बसला, की चाकाच्या झळाळीत एक रेघ तिरपी सापडायची नाही! पण गिऱ्हाइकाला काय सांगायचं? "पोरानं केलंय." पोरीनं केलं म्हटलं असतं, तर चाक उचलून नेलं असतं ना! तिनं तेही गिळलं. एकच गोष्ट आबांनी तिला शिकवली नाही. आर्गन. "पोरीच्या जातीनं डोळं जपावंत, उद्या लग्न व्हायचंय," असं म्हणून त्यांनी आर्गनचा मुखवटा प्रबुद्धच्या डोक्यावर चढवला, आणि तिच्या हाती एक छोटा पोलादी पंच दिला. तो पंच तिला दागिन्याहून प्रिय होता.

आणि मग तीन वर्षांपूर्वी... आबा दोन दिवस पुण्याला गेले असताना एका व्यापाऱ्याचं दोन ठिपक्यांचं चाक आलं. व्यापाऱ्यानं प्रबुद्धच्या पाठीवर थाप मारली, "तू तर आबांच्याही पुढचा कारागीर," आणि पोरगं फुगलं! दोन्ही ठिपके आर्गननं बुजवले, वर कानस मारली, आणि तिसरी साल काढली. चौथ्या दिवशी खिंडीच्या उतारावर ते चाक फुटलं. गाडी चालवत होता त्या व्यापाऱ्याचा ड्रायव्हर सावळेराम, आबांचा भावकीतला भाऊ, लहानपणापासूनचा जिवलग. जीव वाचला, पण उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. ड्रायव्हरचा गुडघा!

त्या दिवशी आईनं, जानकाबाईनं, तेजस्विनीचे पाय धरले होते. जन्मदात्या आईनं लेकीचे पाय! "पोलीस भरती तोंडावर आलीय गं त्याची. केस झाली तर पोराचं वाटुळं व्हईल. तू म्हन, म्या कापलं. तुला काय, तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाशील... माजी शपथ हाय तुला, ह्याच्यातलं तोंडातनं अक्षर काढायचं न्हाई!"

आणि ती म्हणाली होती. "म्या कापलं, आबा."

पुढं सावळेरामनं भावकीतली पोर म्हणून पोलिसात तक्रारच दिली नाही. आणि भरती? ती अर्ध्या इंचानं उंचीत गेली! एवढ्यासाठी तिचं सगळं आयुष्य पणाला लागलं होतं. आबांनी तिचा पंच काढून घेतला, मधलं दार बंद केलं, आणि ते फुटकं चाक दुकानाच्या दर्शनी भिंतीवर टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बोट दाखवून सांगायचे, "हे आमच्या पोरीचं काम. हावरेपना नडतो." सोयरीक घेऊन येणारे पाहुणेही ते ऐकून चहा पिऊन जायचे, ते परत फिरकायचे नाहीत. तीन वर्षं बाप लेकीशी बोलला नाही. तीन वर्षं दर रविवारी ती सावळेरामच्या घरी जाऊन त्याच्या बायकोचं, ठमाबाईचं, दळण-सरपण करून देत होती आणि अंगणात उभी राहून तिच्या शिव्या ऐकत होती. न केलेल्या पापाच्या शिव्या!

आणि आज तेच पोरगं, तेच पाप, पुन्हा!

"कुनाचं हाय हे चाक?" तिनं विचारलं.

"श्रेयाच्या भावाचं..." प्रबुद्ध पुटपुटला. श्रेया त्याची होणारी बायको. "पंधरा दिसांवर लग्न हाय, आक्का. पावण्यांना न्हाई कसं म्हनू? आन दर टायमाला थोडंच फुटतंय?"

"दर टायमाला!" तिचा आवाज चिरकला. "त्या गाडीत उद्या तुजी बायको बसंल, येड्या! सावळेरामकाकांचा गुडघा बघायला कधी गेलास का रं? म्या जाते. दर आइतवारी जाते!"

आवाज ऐकून जानकाबाई धावत आली, आणि त्याच वेळी रस्त्याच्या बाजूनं आबा आत शिरले. हातात बेअरिंगचा खोका. त्यांनी लेथपाशी उभी असलेली लेक पाहिली, बटणावरचे कणकेचे ठसे पाहिले, आणि त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"पुन्यांदा?" तीन वर्षांत त्यांनी तिच्याशी उच्चारलेला हा पहिला शब्द! "पुन्यांदा मशीनला हात लावलास? एकाचा पाय घेतलास, तेवढ्यानं पोट भरलं न्हाई का?"

त्यांचा हात उगारला गेला. तेजस्विनी मागे सरली नाही. ती भिंतीशी गेली, खुंटीवरून ते फुटकं चाक उचललं आणि दाणकन आबांच्या पायापाशी टाकलं.

"मारा, आबा! पन आधी हे उलटं करून बघा."

"तेजे!" जानकाबाईनं तोंडाला पदर लावला. "शपथ घातली व्हती तुला..."

"म्या काय बोलले, आये? तुजी शपथ म्या मोडली न्हाई. म्या फकस्त चाक उलटं करा म्हनते. तीन वरसं वाट बघितली म्या... कवातरी जाळी झाडायला तरी हे काढतील, कवातरी अंगठा आत फिरवतील! चाक आलं की पहिला अंगठा आत घालनारा मानूस... आन पोरीची गोष्ट आली तवा फकस्त फुटलेली बाजू बघितली!"

आबा खाली बसले. सवयीनं त्यांचा अंगठा चाकाच्या आत गेला, धुळीतून सरकला, आणि थांबला. त्यांनी चष्मा लावला, नखानं तीन वर्षांची माती खरवडली. दोन ठिपक्यांच्या जागी दोन गुळगुळीत टेंगळं होती.

त्यांनी बाहीनं ती टेंगळं पुसली आणि अंगठा पुन्हा एकदा फिरवला.

"हे आर्गन हाय," ते म्हणाले. मग अगदी हळू, "तेजूला आर्गन म्या... म्या कधी शिकवलंच न्हाई."

ते उठले, लेथवरच्या चाकापाशी गेले आणि आत अंगठा घातला. तशीच दोन टेंगळं... अजून गरम होती! आबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि मुलाकडे पाहिलं. जेल लावलेलं ते डोकं खाली गेलं.

"म्याच व्हतो, आबा... तवाबी म्याच व्हतो."

"आन म्या तिला गप बसवलं!" जानकाबाई हंबरडा फोडून खाली बसली. "पोराच्या पायी म्या पोरीचा बळी दिला हो... मला मारा!"

आबांनी कुणालाच मारलं नाही. त्यांनी लेथचा खण उघडला, अगदी तळातून कापडात गुंडाळलेला तो छोटा पंच काढला, खुंटीवरचा आर्गनचा मुखवटा काढला, आणि दोन्ही वस्तू लेकीपुढं धरून ते उभे राहिले.

"घे, तेजू. आजपासनं आर्गनबी तूच... मला माफ कर, पोरी."

एखादी बापाच्या गळ्यात पडली असती. तेजस्विनी पडली नाही. तीन वर्षांचा संताप असा एका माफीनं विझतो होय?

"माफ कर?" ती म्हणाली, आणि आता कुठं तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज तापलेलाच होता. "परक्या गिऱ्हाइकापुढं माज्या नावानं थुकलात, आबा! चोराला विचारत्यात तसं एकदा तरी विचारायचं... 'तेजे, तू असं का केलंस?' तुमी एकदाबी विचारलं न्हाई! पंच घेते म्या, माजाच हाय तो. मुखवटा र्‍हाऊ द्या. आधी सावळेरामकाकांकडं चला. सगळी. आत्ता!"

दुकानाचं शटर भर दुपारी खाली आलं. निघण्यापूर्वी आबांनी पाहुण्यांना फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "तुमचं चाक आता चालायचं न्हाई. पोरानं चुकी केलीय. नवं आमी देतो, पन हे गाडीला लावू द्यायचो न्हाई." पलीकडचा आवाज चढला, लग्न मोडायची भाषा निघाली. आबांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

सावळेरामचं घर आळे गावात. ठमाबाई अंगणात शेंगा फोडत होती. दाराशी तेजस्विनी दिसताच नेहमीप्रमाणे तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, "आली का भवानी? आज काय आइतवार न्हाई, आज कशाला तोंड दाखवतीस..."

"काकी," प्रबुद्ध पुढं झाला आणि तिच्या पायांपाशी बसला. "ती न्हाई. चाक म्या कापलं व्हतं. ठिपके म्या बुजवले. आक्कानं माजं वझं उचललं."

ठमाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ओट्यावर ताठ पाय लांब करून बसलेला सावळेराम आधी प्रबुद्धकडे बघत राहिला, मग आबांकडे.

"सोपान," तो म्हणाला, "लहानपनापासनं वळखतो तुला. कुनाच्याबी चाकात आधी अंगठा घालतोस. आन पोरीच्या टायमाला तुजा अंगठा कुठं गेला व्हता रं?"

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते ओट्याच्या पायरीवर मटकन बसले.

ठमाबाई उठली. तिनं तेजस्विनीला नखशिखांत न्याहाळलं, जणू पहिल्यांदाच बघत होती. "तीन वरसं माजं ऐकून घेतलंस... एक डाव तरी उलटं बोलायचं गं! येत का व्हतीस मग?"

"काकांचा पाय गेलेला खरा व्हता, काकी," तेजस्विनी म्हणाली. "आन आमच्या घरातनं कुनीतरी यायला पायजे व्हतं."

ठमाबाईनं तिचा दंड धरला आणि तिला ओढतच ओट्यावर, सावळेरामच्या शेजारी नेऊन बसवलं. तिच्या मांडीवर शेंगांचं सूप ठेवलं. "बस हितं. परत अंगनात हुबी र्‍हायलीस तर बघ!" असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली, आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. तेजस्विनी खाली मान घालून शेंगा फोडत राहिली. टपटप आसवं सुपात पडत होती. आज ती तिनं पुसली नाहीत.

लग्न मोडलं नाही, दोन महिने पुढं गेलं. श्रेयानंच भावाला ठणकावलं म्हणतात. प्रबुद्ध आता दर रविवारी आळ्याला जातो, सावळेरामला दवाखान्यात नेतो-आणतो. आईशी तेजस्विनी बोलते, पण मोजकं. ते जुळायला वेळ लागेल. मुखवटा मात्र तिनं आठव्या दिवशी स्वतःच खुंटीवरून काढला आणि म्हणाली, "शिकवा, आबा."

ते फुटकं चाक अजून दुकानाच्या दर्शनी भिंतीवर आहे. सगळं उघड झालं त्याच दिवशी आळ्याहून परतल्यावर आबांनी ते भंगारात टाकायला उचललं होतं. तिनं ते त्यांच्या हातून घेतलं, ओल्या फडक्यानं पुसलं, आणि खुंटीला परत टांगलं. आतली बाजू बाहेर करून.