तिसरी हाक

गोदाम नंबर चारचं कुलूप गार होतं.

सुमात्राच्या त्या बंदरात भर दुपारी पत्र्याला हात लावला तर कातडी सोलून निघेल, आणि हे लोखंडी कुलूप मात्र विहिरीतून काढल्यासारखं! रेस्तीने हात झटकला. सीमाशुल्काचं शिशाचं सील शाबूत होतं, नंबर जुळत होता. सील धड म्हणजे सगळं धड. नोकरीच्या दोन वर्षांत हे तिच्या अंगात भिनलं होतं.

आत दोनशे बारा गाठी. परदेशातले जुने, टाकलेले कपडे, सामुद्रधुनीतून चोरून आणलेले. होडी तिनेच अडवली होती. तिची पहिली केस. तीन वाजता माल जाळायचा. तोवर कोणी 'माझा' म्हणालं, की भट्टी थांबणार आणि चौकशी पुन्हा पहिल्यापासून.

"नोटीस महिनाभर लावली. आता नियमाप्रमाणे मालकाला तीन हाका," ती म्हणाली.

म्हातारे पहारेकरी उमर यांना बंदरावर सगळे 'पाक', म्हणजे बाबा, म्हणत. त्यांनी लवंगी सिगरेट विझवली. "मारल्या म्हणून लिहून टाक ना, पोरी. आम्ही तीस वर्षं तेच करतोय."

"खोटं लिहू? ते का बरं, पाक?"

"यातले निम्मे कपडे मेलेल्यांच्या अंगावरचे. त्यांना नोटीस वाचता येत नाही. हाक ऐकू येते."

"मग बरंच की! येऊ देत, सही करू देत, शुल्क भरू देत."

म्हातारा हसला नाही. चपला हातात घेऊन, आवाज न करता, फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

रेस्ती दाराशी ताठ उभी राहिली. "या मालाला कोणी मालक आहे का?"

पत्रा कडकडला. उन्हाने कडकडतोच तो.

"कोणी मालक आहे का?"

आतून ओल्या कपड्यांचा वास आला. मागोमाग बारीक सळसळ… गाठी तर पोलादी पट्ट्यांनी आवळलेल्या. उंदीर, तिने ठरवून टाकलं. पंचनाम्यावर 'उत्तर नाही' असं आधीच लिहिलं, आणि खणखणीत आवाजात तिसरी हाक दिली.

सळसळ थांबली.

सीलाच्या पलीकडून, तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून, कोणीतरी फार अजिजीने म्हणालं,

"आहोत… जरा थांबा हं. अजून सगळ्यांचे कपडे घालून झाले नाहीत."