नमुना शून्य

कामावरून काढायच्यांची यादी तुलनायंत्राच्या पडद्यावर उमटली, तेव्हा प्रमिला तांडेल टेबल आवरूनच उभी होती. पहिलं नाव आपलंच असणार, याची तिला खात्री होती. मेंदूपेशींच्या या प्रयोगशाळेत स्किझोफ्रेनिया झालेली ती एकटीच. कानातले आवाज औषधांनी कधीच थांबले होते. उरलं होतं ते विसरणं. म्हणून ती सगळं निळ्या वहीत टिपून ठेवी, आणि संचालक डॉ. शिरगुप्पे चारचौघांत त्या वहीची टिंगल करत.

नियमही त्यांचाच. "मेंदूतल्या पेशींमधले नकोसे जोड राखणदार पेशी छाटतात," त्यांनी सभेत सांगितलं होतं. "एक जनुक जादा जोरात असला, की चांगले जोडही छाटले जातात. स्मरणशक्ती, एकाग्रता, सगळं ढासळतं. तेव्हा प्रत्येकाच्या त्वचेपासून मेंदूकणी, म्हणजे मेंदूपेशींचा इवलासा गोळा, वाढवायची आणि निरोगी नमुन्याशी, म्हणजे नमुना शून्याशी, ताडायची. दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला, की नोकरी संपली."

"सर, त्या जनुकाने आजाराचा फक्त धोका वाढतो," प्रमिला म्हणाली होती. "तेवीस वर्षं काम करतेय मी इथे."

"वहीत न बघता सांगताय ना, बाई?" सगळे हसले होते.

आता यादीत सात नावं होती. आठ कर्मचाऱ्यांपैकी सात. तिचं तेवढं नव्हतं.

शिरगुप्पे लालबुंद झाले. "काय घोळ घातलात?"

तिच्या मस्तकात तिडीक गेली. काही बिघडलं की ते हिनेच बिघडवलेलं! "यंत्र नुसता फरक सांगतं, सर. छाटणी किती, ते नाही. थांबा, मोजूनच दाखवते."

ते डोक्यावर उभे असताना तिने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जोड मोजला, तीनदा.

"या सातजणांची छाटणी बेताची आहे. माझी त्यांच्या तिप्पट. आणि नमुना शून्याची माझ्याइतकीच."

"मग नमुनाच सदोष! कुठल्या वेड्याची कातडी आणली होती?"

प्रमिलाने वही उघडली. अकरा वर्षांपूर्वीचं पान तिने मोठ्याने वाचलं. "नमुना शून्य. निरोगी माणूस हवा होता. शिरगुप्पे सरांनी स्वतःच्या दंडाची त्वचा दिली. भोवळ आली, लिंबूसरबत दिलं."

त्यांनी वही ओढून घेतली आणि ते पान पुन्हा वाचलं. त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं.

"तुमच्या नियमाने इथे राहायला लायक आपण दोघंच," प्रमिला म्हणाली. "बोला सर, बडतर्फीची सातही पत्रं फाडू, की उद्यापासून आपण दोघांनीच यायचं?"