सगळं मूळचं

मेस्त्रीने पाटी स्वतःच्या हाताने रंगवली. ‘विकणे आहे. जुनी पिकअप. उत्तम चालू. सगळं मूळचं.’ शेवटचे दोन शब्द लाल रंगात, खाली रेघ. सकाळच्या उन्हात त्याने ती फाटकाला तारेने बांधली आणि चार पावलं मागे जाऊन बघितली. वाकडं काही त्याला खपतच नसे. चाळीस वर्षं पत्रा ठोकून डोळा असा बसला होता, की अर्ध्या बोटाचा फरक त्याला लांबून दिसायचा. नाक मात्र कामातून गेलं होतं. रंगाने आणि थिनरने ते अकरा वर्षांपूर्वीच खाऊन टाकलं होतं. आमटी करपली काय नि अत्तर सांडलं काय, गड्याला दोन्ही सारखंच!

हे नाकाचं लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथेच झाला.

पिकअप त्याने भंगारातून आणली, त्याला तीन वर्षं झाली होती. पूर्वी ती एका सरस बनवणाऱ्या कारखान्यात हाडं आणि कातडी वाहायची. तिचा ड्रायव्हर म्हणजे भला मोठा आडवा माणूस. भर उन्हाळ्यात कारखान्याला आठ दिवस सुट्टी लागली, आणि हा बाबा बंद काचांच्या गाडीत बसल्या जागी गेला. आठव्या दिवशी दार उघडलं तेव्हा त्याला बाहेर काढायला फावडं लागलं, म्हणतात. शी! सांगतानासुद्धा मला ढवळून येतं.

भंगारवाल्याने काही लपवलं नव्हतं. “मेस्त्री, गाडी न्या, पण सीट जाळून टाका,” असं त्याने दोनदा बजावलं होतं.

पण मेस्त्रीला काही टाकवत असेल तर ना! सीट मूळची, आतला काथ्या मूळचा, असला काथ्या आता मिळतो कुठे? त्याने तो पाण्याने धुतला, उन्हात घातला आणि वरून नवं रेक्झिन शिवलं. सीट जास्तच फुगलं, म्हणून अर्धा काथ्या काढावा लागला. चांगला माल फेकायचा कसा? तो त्याने घरातच कुठेतरी कामाला लावला. मग पत्रा, रंग, इंजिन, सगळ्यात जीव ओतला. गाडी आरशासारखी झाली. एकच गोष्ट त्याला खटकायची. ड्रायव्हरच्या बाजूला ती दोन बोटं खाली बसायची. त्याने चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दोनदा बदलले, तरी रिकामी गाडी त्या बाजूला दबलेलीच.

पहिलं गिऱ्हाईक बेकरीवाला. रंगावरून हात फिरवत तो खूश झाला, दार उघडून आत बसला आणि भाजल्यासारखा बाहेर आला.

“मेस्त्री, आत काय मेलंय?”

“भाव पाडायला आणखी काही सुचलं नाही का?”

“अहो भाव कसला! आणि हे सीट ओलं कसं?” बेकरीवाला वळला. त्याच्या विजारीवर मागे पिवळट, तेलकट डाग पडला होता. तळहात भिंतीवर पुसत तो जो गेला, तो परत आला नाही. त्याच्यानंतरचे तिघे तर दारातूनच नाकाला रुमाल लावून फिरले.

बायको तीन वर्षं हेच सांगत होती. सुरुवातीला मेस्त्री हसायचा. “उगाच नाकाने कांदे सोलू नकोस,” म्हणायचा. पण बाईचं खाणं सुटलं होतं. घास तोंडापाशी नेला की तिला उमासा यायचा. दिवसातून तीनदा अंघोळ करूनही ती केस हुंगत बसायची. अंगाने पार काडी झाली होती.

त्या दुपारी तिने पिशवी भरली. “अहो, मी शेवटचं सांगते. ती गाडी तरी जाईल, नाहीतर मी जाईन ताईकडे. कायमची.”

“अगं, गाडी अंगणात, तू घरात…”

“माझ्या केसांना वास येतो हो. उशीला येतो. कुणीतरी तोंडावर श्वास सोडल्यासारखा…” ती रडायला लागली.

ही बाई गेली तर ह्या घरात राहिलं काय? मेस्त्री ताडकन उठला आणि गाडीत जाऊन बसला, काय ते एकदाचं बघायला.

गाडी सावलीत होती, तरी सीट गरम होतं. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं. मध्ये मोठा खळगा पडला होता. मेस्त्री त्यात घसरला, आणि खळगा त्याच्याहून दुप्पट रुंद निघाला. स्टिअरिंगला बोटं चिकटली. शिवणीतून काहीतरी हळूहळू वर येत होतं, घट्ट, पिवळं, थंड झालेल्या चरबीसारखं. ते त्याच्या मांडीखाली पसरलं.

त्याने सुरी आणली आणि रेक्झिन फाडलं. काथ्या काळा पडून लिबलिबीत झाला होता. हात घातला तर मनगटापर्यंत रुतला. ओढला तेव्हा काथ्याबरोबर केस आले. लांबच लांब, ओले, संपता संपेनात! ह्याच हातांनी त्याने तो धुऊन वाळवला होता, तेव्हा त्यात एक केस नव्हता. सगळ्यात तळाशी एक जाड, पिवळं नख होतं. मेस्त्री तिथेच ओकला. नाक नसल्याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

सीट त्याने पिंपात जाळलं. ते तव्यावरच्या चरबीसारखं चरचरत होतं, आणि बायको खिडक्या लावून आत बसली होती. दुसऱ्या दिवशी त्याने फोमचं नवं सीट बसवलं, पाटीवरचे लाल शब्द खरवडून काढले आणि मागे सरून बघितलं. गाडी सरळ उभी होती! दोन्ही बाजू सारख्या!

आठवड्याच्या आत रोपवाटिकेवाली बाई आली. ती आत बसली, दार आपटून बघितलं, चक्कर मारून आली. “कसला झकास वास येतोय नव्या सीटचा,” म्हणाली आणि गाडी घेऊन गेली. मेस्त्रीने भरलेली पिशवी स्वतः रिकामी केली. बायको कितीतरी दिवसांनी हसली. जेवली मात्र नाही.

“अजून थोडा येतोय हो… माझ्याच अंगाला बसला असेल. पुन्हा डोक्यावरून पाणी घेते.”

ती न्हाणीत गेली. मेस्त्री दमून पलंगावर आडवा झाला. बाहेर लख्ख ऊन होतं. न्हाणीत तांब्याचा आवाज येत होता, ती खसाखसा अंग घासत होती.

पलंग कलला. हळूच, करकरत, तिच्या बाजूला. अर्ध्या बोटाचा फरक ओळखणाऱ्याला ते कळायला वेळ लागला नाही. दोन बोटं.

आणि मग त्याला आठवलं. तीन वर्षांपूर्वी ती ताईकडे गेली होती. तिची पाठ दुखायची, तिच्या बाजूला गादीत पोकळी झाली होती. आल्यावर खूश होईल म्हणून त्याने गादी उसवली होती आणि तो उरलेला काथ्या ठासून भरला होता, नीट, एकसारखा. तीन वर्षं ती त्याच्यावर झोपत होती. त्याच्यावर… की त्याच्याजवळ?

शेजारची चादर गरम झाली. अकरा वर्षांनी मेस्त्रीच्या नाकाला पहिला वास आला. गोडसर, सडका, ओला. नाकपुडीपाशी, श्वासासारखा. जात होता… येत होता…

न्हाणीतला तांब्या थांबला. “अहो,” बायकोने आतून विचारलं, “गेला का हो?”

मेस्त्रीने ओठ घट्ट मिटून घेतले. तोंड उघडलं असतं, तर तो आत आला असता.